चेहऱ्याच्या नसेचं ऑपरेशन आणि नर्व्ह मॉनिटरिंग: कोणाला अनुभव आहे का?

ओंजळ
नमस्कार मंडळी. आईला बरीच वर्षं ट्रायजेमिनल न्यूराल्जिया आहे, उजवा गाल आणि खालचा जबडा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी जी पाचवी नस, तिच्यात अचानक करंट लागावा तशी कळ येते, काही सेकंद, फार तर मिनिट-दोन मिनिटं, मग काही नाही, आणि मग पुन्हा. दात घासणं, तोंड धुणं, पंख्याचा वारा, नुसतं बोलणं, कशानेही सुरू होते. कार्बामाझेपिनचा (या कळेवरच्या गोळीचा) डोस वाढत वाढत आता आई दिवसभर गुंगीत असते, चालताना तोल जातो, रक्तातलं सोडियम पण खाली आलंय. एमआरआयमध्ये नसेला रक्तवाहिनी टेकलेली स्पष्ट दिसतेय, म्हणून न्यूरोसर्जननी मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशन (सगळे एमव्हीडी म्हणतात), म्हणजे ती वाहिनी नसेपासून दूर करण्याचं ऑपरेशन सुचवलंय.

आता खरी अडचण. आईचा डावा कान लहानपणीच्या आजारात जवळजवळ गेलेला आहे. ऐकते ती उजव्या कानाने. आणि ऑपरेशन उजव्याच कानामागून. डॉक्टर म्हणाले ऐकण्याची नस तिथे शेजारीच असते, म्हणून पूर्ण वेळ मॉनिटरिंग ठेवू. संमतीपत्रात ‘इंट्राऑपरेटिव्ह न्यूरोमॉनिटरिंग’ अशी एक ओळ आहे, एवढंच. हे नक्की काय करतात, त्याने कान वाचेल याची खात्री असते का, कळ गेली की नाही हे पण त्या मशीनवर टेबलावरच कळतं का, आणि पेशंटला त्या सुयांचा त्रास होतो का? कोणी यातून गेलं असेल किंवा या क्षेत्रातलं असेल तर प्लीज लिहा. रात्र रात्र वाचत बसते पण सगळं डोक्यावरून जातं.

रानवारा
ओंजळताई, आईंना लवकर आराम पडो. माझ्या मावशीच्या या दुखण्यात आधी दोन दाढा काढल्या गेल्या, मग कळलं की दाढांचा काही संबंधच नव्हता. वाचतोय.

शेंडेफळ
रानवारा +१. आमच्याकडेही तीच गत. काकांची दाढ काढली, कळ तिथेच, मग शेजारची रूट कॅनाल, कळ तिथेच. शेवटी एका डेंटिस्टनेच सांगितलं की दात ठीक आहेत, न्यूरोलॉजिस्टकडे जा. त्यांचे आजही आभार मानतो आम्ही.

काकांचं एमव्हीडी झालंय, मॉनिटरिंगसकट. शुद्धीवर येताना डॉक्टर त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, काका, ऐकू येतंय का? काका म्हणाले, येतंय हो, पण एवढं ओरडू नका. बाहेर आम्हाला सांगितलं तेव्हा सगळे रडता रडता हसलो.

तिरपी_रेघ
ओंजळ, मी हेच काम करते, थिएटरमध्ये मॉनिटरिंगच्या मशीनवर बसते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. या ऑपरेशनात जिच्यावर इलाज चाललाय त्या नसेपेक्षा तिच्या शेजाऱ्यांवर आमचं लक्ष जास्त असतं. सर्जन कानामागे हाडात छोटी खिडकी करतात आणि लहान मेंदू अलगद बाजूला करून पाचव्या नसेपर्यंत पोचतात. त्याच भागात सातवी नस (चेहरा हलवणारी) आणि आठवी (ऐकणं आणि तोल) जोडीने जातात. लहान मेंदू ओढला गेला की आठवी ताणली जाते. म्हणजे तिला कोणी हात न लावताही इजा होऊ शकते. शिवाय आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी अगदी बारीक असते, ती आखडली तरी कान जाऊ शकतो.

ऐकण्यासाठी जी तपासणी लावतो तिला बीएईपी म्हणतात. कानात फोमचा छोटा इअरफोन बसवून तो सील करतो, त्यातून सतत टिक टिक आवाज सोडतो, आणि डोक्यावर व कानाजवळ लावलेल्या बारीक सुयांमधून मेंदूच्या खोडाकडून येणारा प्रतिसाद टिपतो. पहिल्या १० मिलिसेकंदांत लाटांची एक रांग दिसते, त्यातल्या पाच आमच्या कामाच्या. पाचवी लाट साधारण साडेपाच-सहा मिलिसेकंदांना येते आणि तीच सगळ्यात भरवशाची. हे सगळं मायक्रोव्होल्टच्याही अंशात असतं, त्यामुळे हजारभर टिकटिकींची सरासरी काढल्याशिवाय लाट दिसत नाही. त्याला मिनिटभर लागू शकतं. ड्रिल चालू असेल तर त्या आवाजात टिकटिकच हरवते, कॉटरी (करंटने रक्त थांबवायचं उपकरण) चालू असेल तर स्क्रीनवर नुसता कचरा. ही मर्यादा घरच्यांना कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतेय.

कधी ओरडायचं? जुना आणि सर्रास वापरला जाणारा निकष म्हणजे पाचवी लाट सुरुवातीपेक्षा १ मिलिसेकंद उशिरा यायला लागली किंवा तिची उंची निम्मी झाली तर. पण मी तरी तिथपर्यंत वाट बघत नाही, अर्धा मिलिसेकंद सरकली की सांगते, "सर, पाचवी सरकतेय." चांगले सर्जन त्या क्षणी हात थांबवतात, मेंदूवरचा ताण सैल करतात, कोमट सलाइन सोडतात, भूलतज्ज्ञ बीपी बघतात. बहुतेक वेळा लाट परत येते. परत आली की पुढे काम.

सुयांचं म्हणाल तर त्या भूल दिल्यावर लावतो आणि उठवण्याआधी काढतो. नंतर चेहऱ्यावर एखाद-दोन ठिपके किंवा थोडं काळंनिळं दिसेल, दोन-चार दिवसांत जातं.

मध्यरात्र
तिरपी_रेघ, किती सोपं करून सांगितलंत. पण मग चेहरा वाकडा होऊ नये म्हणून काय करतात? माझ्या नणंदेला हीच भीती आहे, ऑपरेशनला तयारच होत नाहीये.

तिरपी_रेघ
मध्यरात्र, त्यासाठी ईएमजी. डोळ्याभोवतीच्या आणि ओठांच्या स्नायूंत सुया असतात. सातव्या नसेला धक्का लागला, ती ताणली गेली, की त्या स्नायूंत हालचाल उमटते आणि स्पीकरवर तडतड ऐकू येते. इथे सरासरीची भानगड नाही, तडतड त्याच क्षणी ऐकू येते, सर्जनच्या कानावर पण. एकदा तडतड होऊन थांबली तर फार काळजी नसते, लांबलचक चालू राहिली तर थांबायचं. पाचव्या नसेसाठीच्या एमव्हीडीत चेहरा कायमचा वाकडा होणं खूप कमी आढळतं, नणंदेला हे जरूर सांगा. काही ठिकाणी चावण्याच्या स्नायूतही एक सुई लावतात, कारण तो स्नायू पाचव्या नसेच्याच हालचालीच्या भागावर चालतो.

निवांत_डॉक
मी भूलतज्ज्ञ. वरच्या प्रतिसादांत थोडी भर.

ईएमजी लावायचं असेल तर स्नायू सैल करणारं औषध चालू ठेवता येत नाही, नाहीतर स्नायू बोलणारच नाहीत. आम्ही नळी घालताना थोडा वेळ टिकणारं औषध देतो, मग ते उतरू देतो. त्यामुळे पेशंट न हलण्याची सगळी जबाबदारी भुलेच्या खोलीवर येते. म्हणून बहुधा शिरेतून प्रोपोफॉल आणि रेमिफेंटानिलसारखं औषध चालू ठेवतात. बीएईपीचं बरं आहे, नेहमीच्या भुलेच्या औषधांचा त्या लाटांवर फारसा परिणाम होत नाही. अंगाचं तापमान उतरलं तर मात्र लाटा उशिरा यायला लागतात, म्हणून पेशंटला उबदार ठेवावं लागतं.

अजून एक. पाचवी नस हाताळली की कधीकधी नाडी एकदम मंदावते, बीपी पडतं. ट्रायजेमिनोकार्डियाक रिफ्लेक्स म्हणतात. मी फक्त "थांबा" म्हणतो, सर्जन हात उचलतात, नाडी बहुतेक वेळा लगेच वर येते. नाही आली तर ॲट्रोपिन आहेच. तेव्हा मॉनिटरिंग म्हणजे फक्त ते एक मशीन नाही, ईसीजी सुद्धा त्या नसेची खबर देत असतो.

कातरवेळ
सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. माझ्या मोठ्या भावाचं एमव्हीडी कसल्याही मॉनिटरिंगशिवाय झालं, सर्जन अनुभवी होते, भाऊ ठणठणीत आहे, दोन्ही कान शाबूत. मशीनपेक्षा हात महत्त्वाचा असं माझं ठाम मत आहे. आणि मशीन उगाचच ओरडलं आणि त्या घाईत सर्जनने काम अर्धवट सोडलं तर? कळ तशीच राहणार आणि कवटी उघडल्याचा त्रास वेगळाच. मॉनिटरिंगने फायदा होतो हे कोणी नीट सिद्ध केलंय का?

तिरपी_रेघ
कातरवेळदादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझं पोट यावर चालतं म्हणून मी तो उडवून लावणार नाही. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या पेशंटना मॉनिटरिंग आणि अर्ध्यांना नाही असा पक्का पुरावा याला नाही. जे आहे ते आधीच्या आणि नंतरच्या पेशंटच्या तुलनेतून आलेलं. उत्तम सर्जन मॉनिटरिंगशिवायही हे ऑपरेशन करतात, हेही खरं.

खोटा इशाराही येतो. इअरफोन सरकला, त्यात पाणी गेलं, वायर निघाली, गार सलाइन सोडलं, या सगळ्याने लाट बिघडते. म्हणूनच मशीनसमोरचा माणूस महत्त्वाचा. पहिली लाट आतल्या कानाजवळून येते. तीच एकदम गेली तर मी आधी इअरफोन बघते, तो ठीक असेल तर कानाच्या रक्तपुरवठ्याची शंका. पहिली जागेवर आणि पाचवी सरकत चाललीय, तर नस ताणली जातेय. दोन्हीला उपाय वेगळे. हा फरक मशीन सांगत नाही, तो माणसाने सांगायचा असतो.

पानगळ_६४
इतिहासात रस असणाऱ्यांसाठी एक लहानसं अवांतर, माझा आवडीचा विषय आहे. वॉल्टर डँडी नावाचे सर्जन याच मागच्या वाटेने पाचवी नस कापायला जात, आणि १९३४ साली त्यांनी लिहून ठेवलं की बऱ्याच पेशंटमध्ये नसेवर रक्तवाहिनी चढलेली दिसते. पण सूक्ष्मदर्शक नव्हता, पुढे जाता आलं नाही. १९६० च्या दशकात पीटर जॅनेटांनी ऑपरेशनच्या सूक्ष्मदर्शकातून तेच पाहिलं, आणि नस कापण्याऐवजी वाहिनीच दूर करायची ही पद्धत त्यांनी रुजवली. सुरुवातीला त्यांच्यावर विश्वास ठेवायला बरेच जण तयार नव्हते. आता नस आणि वाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनचा लहान बोळा ठेवतात. त्रास देणारी वाहिनी बहुतेकदा सुपीरियर सेरेबेलर आर्टरी.

आणि ज्या लाटांबद्दल वर चाललंय त्या माणसांमध्ये १९७० च्या आसपास ज्युएट आणि मंडळींनी वर्णन केल्या. पुढे पिट्सबर्गमध्ये आगे मोलर हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॅनेटांच्या थिएटरमध्ये उभे राहून ऐकण्याच्या नसेचे सिग्नल टिपत. म्हणजे हे मॉनिटरिंग याच ऑपरेशनच्या सोबतीने वाढलं.

आकडा हवा असेल तर, जॅनेटांच्याच गटाचा एमव्हीडीच्या ११८५ पेशंटचा अहवाल १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. दहा वर्षांनी ७० टक्के लोक गोळ्यांशिवाय वेदनामुक्त होते. आणि १६ जणांचं त्या बाजूचं ऐकणं गेलं, म्हणजे शंभरात एकाच्या थोडं वर.

ओंजळ
सगळ्यांचे खूप आभार, इतकं कोणीच समजावलं नव्हतं. पानगळकाका, शंभरात एक ऐकून आधी बरं वाटलं. मग वाटलं, ज्यांचा एक कान गेला त्यांच्याकडे दुसरा होता. आईकडे नाही. तिच्यासाठी तो एक टक्का म्हणजे पूर्ण बहिरेपण. बाबा गेल्यापासून ती फोनवर जगते हो, बहिणी, मैत्रिणी, नातवंडं. मला हा आकडा लहान वाटतच नाहीये.

कातरवेळ
ओंजळताई, हे मात्र बरोबर. एकाच कानावर असलेल्या माणसासाठी मीही मॉनिटरिंगचाच आग्रह धरीन. खोट्या इशाऱ्याबद्दलचा माझा मुद्दा कायम आहे, तो सर्जनला विचाराच.

गारवा
एकच कान असेल तर मुळात कवटी उघडायचीच का, हा प्रश्न आधी यायला हवा ना? गालातून सुई घालून करायच्या पद्धती आहेत. रेडिओफ्रीक्वेन्सी, बलून, ग्लिसरॉल. त्यात आठव्या नसेच्या आसपास जायचंच नसतं.

माझं रेडिओफ्रीक्वेन्सीने झालंय, अनुभव सांगते. ओठाच्या कोपऱ्याच्या थोडं बाहेरून सुई घालतात, एक्स-रेवर बघत कवटीच्या तळाच्या एका भोकातून नसेच्या गाठीपर्यंत नेतात. सुई घालताना झोपवतात, मग जागं करतात. आणि तेव्हा जे होतं ते मॉनिटरिंगच, फक्त मशीनच्या जागी मी. डॉक्टर अगदी थोडा करंट सोडतात आणि विचारतात, मुंग्या कुठे येतायत? मी म्हटलं वरच्या ओठात. नको होतं, माझी कळ खालच्या जबड्यात. सुई किंचित हलवली, पुन्हा विचारलं. जबड्यात आल्या तेव्हा म्हणाले, आता बरोबर. मग थोडा वेळ पुन्हा गुंगी, नसेला तापवणं, परत जागं करून गालाला टोचून बघणं, डोळ्याला कापसाचा धागा लावून पापणी मिटते का बघणं. डोळ्याची शाखा भाजली गेली तर बुबुळाची संवेदना जाते म्हणून ती काळजी घेतात.

किंमत अशी की जबड्याचा तो भाग आता बधिर आहे. कळ गेली त्यापुढे मला ते काहीच वाटत नाही, पण काहींना बधिरपणाचाच छळ होतो. आणि काही वर्षांनी दुखणं परत येऊ शकतं हे मला आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

उनाड_पाखरू
जागं ठेवून?? बाप रे. मला तर वाचूनच घाम फुटला.

गारवा
पाखरा, ज्याला ती कळ माहीत आहे ना तो म्हणेल करा काय करायचं ते. आणि दुखतं त्या वेळी झोपवतातच.

निवांत_डॉक
गारवाताईंनी अचूक लिहिलंय. ज्यांना जागं राहून उत्तरं देणं जमणार नाही त्यांच्यासाठी बलून सोयीचा, तो पूर्ण भुलेत होतो. त्यात फुगा फुगवताना नाडी पडण्याची शक्यता असते, तयारी ठेवावी लागते. आणि बलूननंतर चावण्याचे स्नायू काही काळ कमजोर होतात. गॅमा नाइफ हाही पर्याय आहे, लेक्सेल या स्वीडिश न्यूरोसर्जननी १९५० च्या दशकातच या दुखण्यावर नेम धरून किरण वापरले होते, पण त्याचा गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात. आत्ता घास चावता येत नाही अशा पेशंटला तेवढा धीर धरणं अवघड.

ओंजळताई, नस आणि वाहिनीचा स्पष्ट दाब आणि तब्येत भूल सोसण्याजोगी, अशा पेशंटला सर्जन एमव्हीडीच पुढे करतात कारण नस न जाळता जास्त काळ आराम मिळण्याची शक्यता त्यात. तुमच्या आईंच्या बाबतीत तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कान आहे. हा निर्णय सर्जन आणि आई यांनी समोरासमोर बसून घ्यायचा.

जोंधळी
माझ्या मिस्टरांचं ऑपरेशन अर्धा चेहरा फडफडण्यासाठी झालं, हेमिफेशियल स्पॅझम. तेही एमव्हीडीच पण सातव्या नसेचं. त्यांच्या वेळी सर्जन बाहेर येऊन म्हणाले होते, मशीनवर दिसलं, दाब गेला. ओंजळचा एक प्रश्न होता ना की कळ गेली हे टेबलावर कळतं का, त्यावरून आठवलं. मग तुमच्या आईंच्या बाबतीतही कळेल की.

तिरपी_रेघ
जोंधळीताई, बरं झालं आठवण केलीत, तो प्रश्न राहूनच गेला होता. तुमच्या मिस्टरांच्या आजारात एक खास खूण असते. चेहऱ्याच्या नसेच्या एका शाखेला करंट दिला की दुसऱ्याच शाखेचा स्नायू हलतो, जो एरवी हलायला नको. लॅटरल स्प्रेड म्हणतात त्याला. वाहिनी दूर केली की पुष्कळदा ती हालचाल तिथल्या तिथे बंद होते. त्यामुळे सर्जनला चांगला पुरावा मिळतो, तोही शंभर टक्के नव्हे.

पाचव्या नसेच्या कळेला अशी भरवशाची खूण नाही. कळ ही पेशंटची अनुभूती, आणि पेशंट भुलेत. पाचव्या नसेचे सिग्नल टिपण्याचे प्रयोग झालेत, पण त्यावरून "आता दुखणार नाही" असं मी कधीच सांगू शकणार नाही. टेबलावर सर्जनचा डोळाच खरा. नसेच्या मुळापर्यंत सगळीकडून बघितलं का, मागे लपलेली दुसरी वाहिनी राहिली नाही ना, हे तेच बघतात, कधी एंडोस्कोपही आत घालून.

ओंजळ, म्हणून मॉनिटरिंगकडून दोनच गोष्टींची अपेक्षा ठेवा, कान आणि चेहरा. कळेचं उत्तर आई उठल्यावरच.

जोंधळी
अच्छा, म्हणजे एकाच नावाचं ऑपरेशन आणि मशीनचं काम इतकं वेगळं. मी आतापर्यंत दोघातिघांना चुकीचं सांगितलं असतं, बरं झालं विचारलं.

शेंडेफळ
काकांच्या बाबतीत एक राहिलं. ऑपरेशननंतर बरेच दिवस तो कान दडे बसल्यासारखा होता, आम्ही घाबरलो की गेला कान. पण चाचणीत नस उत्तम होती.

निवांत_डॉक
तसं होतं. खिडकी करताना कानामागच्या हाडातले हवेचे कप्पे उघडतात, ते मेणाने बंद करतात, तरी मध्यकर्णात थोडं पाणी साचतं. आठवड्यांत हळूहळू मोकळं होतं. मात्र नाकातून किंवा घशात पाण्यासारखं काही सतत गळत असेल तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, थांबायचं नाही.

सदाफुली२
एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा एका काढ्याने माझ्या ओळखीच्या बाईंचं दुखणं पूर्ण थांबलं, व्यनि करते.

मध्यरात्र
सदाफुली, राग मानू नका, पण हा आजार काही महिने आपोआपही थांबतो आणि परत येतो. त्या मधल्या काळात जे घेतलं त्याला श्रेय मिळतं. ज्यांचं सोडियम आधीच खाली आहे त्यांना डॉक्टरांना न विचारता काहीही देणं धोक्याचं आहे. कृपया इथे नको.

ओंजळ
काल आईला घेऊन सर्जनकडे जाऊन आले, तुम्ही दिलेले सगळे मुद्दे कागदावर लिहून नेले होते. डॉक्टर कंटाळले नाहीत, उलट खुर्ची पुढे ओढून बसले.

मशीनवर स्वतंत्र प्रशिक्षित माणूस पूर्ण वेळ असेल, मध्येच दुसऱ्या थिएटरला जाणार नाही. मेंदू बाजूला धरायला ते सहसा पट्टी कायमची लावून ठेवत नाहीत, मेंदूभोवतीचं पाणी काढून आणि डोक्याची स्थिती साधून जागा करतात आणि लागेल तेवढाच, लागेल तेव्हाच आधार घेतात. लाट सरकली तर थांबून वाट बघणार. पूर्ण श्रवण चाचणी आणि एक बीएईपी आधीच करून घेतली, म्हणजे सुरुवातीला लाट कशी आहे ते माहीत राहील. कानात मळ होता तो ईएनटीकडून काढून घेतला. तोही लाट बिघडवतो म्हणे!

मग मी विचारलं, लाट गेली आणि परत आलीच नाही तर? डॉक्टर म्हणाले हे मी ठरवणार नाही, आईंना विचारू. आणि तिच्या उजव्या बाजूला वाकून त्यांनी तिला सगळं सावकाश सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल काहीही करा पण कळ घालवा. ती म्हणाली, "लाट आली नाही तर डॉक्टर तुम्ही बाहेर या. गाल बधिर झालेला चालेल मला, ती सुईवाली पद्धत नंतर करू. पण कान ठेवा." हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की मीच गप्प झाले. तर ते तसं ठरलंय. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात.

गारवा
आईंना माझा नमस्कार सांगा. किती स्पष्ट विचार.

कातरवेळ
हे ऐकून फार बरं वाटलं. काम अर्धवट सोडण्याची जी भीती मी म्हणत होतो तिचं उत्तर पेशंटनेच आधी दिलेलं असेल तर सर्जनचाही हात मोकळा राहतो. शुभेच्छा.

तिरपी_रेघ
ओंजळ, आईंचा हा निर्णय संमतीपत्रावर शब्दांत लिहून घ्या, आणि ऑपरेशनच्या सकाळी मॉनिटरिंगवाल्या व्यक्तीलाही सांगा की हा एकमेव ऐकणारा कान आहे. आम्हाला बऱ्याचदा फक्त पेशंटचं नाव आणि बाजू कळवलेली असते. मला हे आधी माहीत असेल तर मी आणखी लवकर तोंड उघडते. सर्जनची तयारी असेल तर आठव्या नसेवरच एक बारीक इलेक्ट्रोड ठेवून थेट नोंद घेता येते, तिथे सिग्नल मोठा असतो त्यामुळे हजार टिकटिकींची वाट बघावी लागत नाही. सगळीकडे करत नाहीत, विचारून बघा.

आणि आयसीयूची तयारी. शेंडेफळनी लिहिलं तसं उजवा कान दडे बसलेला असेल आणि डावा आधीच गेलेला, म्हणजे शुद्धीवर येताना आईंना कोणाचंच नीट ऐकू येणार नाही. त्या घाबरतील, आणि नर्सना वाटेल पेशंट प्रतिसाद देत नाही. लिहायची पाटी, जाड पेन, मोठी अक्षरं, आणि पलंगाशी सूचना लावा की पेशंट डाव्या कानाने ऐकत नाही. आईंनाही आजच सांगून ठेवा की उठल्यावर कमी ऐकू आलं म्हणजे कान गेला असं नाही.

ओंजळ
हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. आजच करते. निवांत डॉक, एक विचारायचं होतं, कळ थांबली तर गोळ्या लगेच बंद करायच्या का? आईला त्यांचा इतका कंटाळा आलाय की ती त्याच दिवशी फेकून देईल.

निवांत_डॉक
नाही, अजिबात नाही. कार्बामाझेपिन एकदम तोडायचं नसतं, न्यूरोलॉजिस्ट आठवड्यांच्या अंतराने उतरवत आणतील. ऑपरेशनच्या सकाळचा डोस घ्यायचा की नाही हे तुमच्या भूलतज्ज्ञांना विचारा. आणि सोडियमची ताजी तपासणी झालीय ना, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

रानवारा
मावशीला एमएस (मल्टिपल स्क्लेरॉसिस) पण आहे, तिला हेच ऑपरेशन आणि हेच मॉनिटरिंग चालेल का?

तिरपी_रेघ
रानवारा, एमएसमध्ये बहुतेकदा दुखण्याचं कारण मेंदूच्या खोडातल्या डागात असतं, वाहिनीचा दाब असेलच असं नाही, म्हणून एमव्हीडीचा गुण कमी येतो आणि सुईच्या पद्धतींचा विचार आधी होतो. एमएसमुळे बीएईपीच्या लाटाही मुळातच बिघडलेल्या असू शकतात. मावशींचा एमआरआय आणि आतापर्यंतची औषधं लिहून वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल. काढलात की मला हाक मारा, लिहिते.